घरात अ‍ॅल्युमिनियमचं वायरिंग आहे, जोड कसे करावेत?

अंगणवेल :

नमस्कार मंडळी. आईचं घर जुनं आहे. गेल्या आठवड्यात तिथल्या एका स्विचबोर्डावर हात टेकला तर प्लेट कोमट लागली. त्या सॉकेटला फक्त इस्त्री लावतात, आणि ती काढून दहा मिनिटं होऊन गेली होती. वायरमनला बोलावलं. त्यानं प्लेट उघडली तर आतली तार पांढरी. "ताई, हे अ‍ॅल्युमिनियम आहे, सगळ्या घराला हेच असणार," म्हणाला. सॉकेटच्या स्क्रूजवळ तारेवरचं प्लास्टिक तपकिरी होऊन कडक झालं होतं. त्यानं जळकं टोक कापलं, तांब्याचा एक तुकडा घेऊन पांढऱ्या तारेला पिळला, वर काळी टेप गुंडाळली, नवं सॉकेट बसवलं आणि गेला. आता दहा वर्षं बघायला नको म्हणाला.

माझ्या मनातून मात्र ते जात नाहीये. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम असं पिळून जोडलेलं चालतं का? की सगळं घर नव्यानं वायर करायचं? मधला काही मार्ग असतो का? आई तिथे एकटी असते, म्हणून जरा घाईनं विचारते आहे.

निळीशाई :

पिळलेला जोड चालत नाही. जाणकार सविस्तर सांगतीलच. तोवर ते सॉकेट वापरू नका, आणि त्या सर्किटचा एमसीबी (बोर्डावरचा, प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) खाली पाडून ठेवा.

सावळा :

उगाच घाबरवू नका हो कोणी. आमच्याकडे चाळीस वर्षं अ‍ॅल्युमिनियम आहे, एक दिवस त्रास नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या विजेच्या लाइनी कशाच्या असतात? अ‍ॅल्युमिनियमच्याच ना? तिथे चालतं तर घरात का नाही? वायरमननं जळकं कापलं, नवं जोडलं, काम झालं.

तारयात्री :

अंगणवेल ताई, मी आयुष्यभर वायरिंगचंच काम केलं, आता निवृत्त आहे. तुमच्या तीनही प्रश्नांची उत्तरं देतो, पण आधी सावळा यांच्या मुद्द्याविषयी बोलतो, कारण तो अर्धा बरोबर आहे.

अ‍ॅल्युमिनियमची तार म्हणून वाईट नाही. तांब्याच्या मानानं तिची वाहकता ६१ टक्के, म्हणून ती जाड घ्यावी लागते. पण वजनानं इतकी हलकी की तेवढाच प्रवाह निम्म्या वजनात वाहून नेते. म्हणून लाइनी तिच्या. त्या लाइनींचे जोड कसे असतात ते पाहा: अ‍ॅल्युमिनियमसाठीच बनवलेल्या स्लीव्ह, हायड्रॉलिक प्रेसनं दाबलेल्या, आत पेस्ट भरलेली. कोणी खांबावर चढून दोन धातू पिळून टेप गुंडाळत नाही. तार सलग जाते तोवर काही बिघडत नाही. बिघडतं ते जोडावर, म्हणजे स्विचच्या स्क्रूखाली, सॉकेटच्या टर्मिनलमध्ये, जंक्शन बॉक्समध्ये, पंख्याच्या हुकाजवळच्या जोडात. अ‍ॅल्युमिनियमच्या घरात आगीची भीती असते ती तिथेच.

आता सर्वांत महत्त्वाचं. असा जोड तापला तर एमसीबी पडत नाही. आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून पडणारा स्विच, तोही पडत नाही. लोकांना वाटतं, नवा बोर्ड बसवलाय, काही झालं तर पडेल. हिशोब करून पाहा. इस्त्री किंवा गिझर, समजा १० अँपिअर घेतोय. जोड खराब होऊन त्याचा रोध फक्त ०.१ ओहम झाला. उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, १०० गुणिले ०.१, म्हणजे १० वॅट. १५ अँपिअरला साडेबावीस वॅट. छोटी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. तशी एक आयर्न तुमच्या भिंतीतल्या बंद डबीत लावून ठेवलीये असं समजा. आणि एमसीबीला दिसतात ते १० अँपिअरच, जे त्याच्या दृष्टीनं अगदी ठीक आहेत. प्रवाह वाढलेलाच नाही, गळतीही नाही, मग तो का पडेल?

म्हणून ताई, तो पिळलेला जोड आधी काढून घ्या. उरलेलं उद्या लिहितो.

अंगणवेल :

धन्यवाद तारयात्री काका. एमसीबी खाली केला आहे आणि आईला फोन करून सांगितलं. हे एमसीबीचं मला खरंच माहीत नव्हतं. मी त्याच भरवशावर होते.

धातुवेडा :

धागा वाचनखूण म्हणून ठेवला. काकांनी जोड म्हटलं, तो का बिघडतो ते मी सांगतो. धातुशास्त्र हा माझा विषय आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबेल.

अ‍ॅल्युमिनियमची उघडी तार हवेत आली की त्याच क्षणी तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो. काही नॅनोमीटरचाच, पण पक्का, आणि विजेला पूर्ण दुर्वाहक. माणिक आणि नीलम ज्या पदार्थाचे, तोच हा पदार्थ. धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, हा थर मात्र २००० अंशांच्याही पुढे टिकतो. म्हणजे तार घासून लख्ख केली आणि स्क्रूखाली घालेपर्यंत थांबलात, तरी थर परत आलेला असतो. स्क्रूचा दाब तो थर फोडतो तेवढ्याच जागांतून वीज जाते.

दुसरं, प्रसरण. एक मीटर तांबं एका अंशानं तापलं तर १७ मायक्रोमीटर वाढतं, अ‍ॅल्युमिनियम २३, लोखंडी स्क्रू साधारण १२. इस्त्री लावली की तार तापून फुगते, स्क्रू तेवढा फुगत नाही, मऊ तार दबून बाजूला सरकते. इस्त्री काढली की तार आक्रसते आणि आता किंचित ढिली असते. त्या फटीत हवा शिरते, नवा ऑक्साइड. पुढच्या वेळी थोडी जास्त गरम. असं हजार वेळा.

तिसरं, अ‍ॅल्युमिनियम दाबाखाली न तापताही हळूहळू वाहतं. आम्ही त्याला विसर्पण म्हणतो. आज घट्ट आवळलेला स्क्रू काही महिन्यांनी तितका घट्ट नसतो, कोणी हात लावलेला नसला तरी.

आणि चौथं, तांब्याला थेट चिकटवलं आणि तिथे ओल आली, की दोघांचा मिळून बारीकसा विद्युतघट तयार होतो. त्यात खंगतं ते अ‍ॅल्युमिनियम, तांबं शाबूत राहतं. न्हाणीघराच्या भिंतीमागचा जोड म्हणूनच सगळ्यांत आधी जातो.

ही चारही कारणं एकमेकांना मदत करतात. म्हणून "चाळीस वर्षं काही झालं नाही" या वाक्यानं मला धीर येत नाही. जोड चाळीस वर्षं थोडा थोडा म्हातारा होत होता.

शेंडेफळ :

तापला की फुगतो, दाबला की सरकतो, हवा लागली की कवच चढवतो, आणि जोडीदाराशी जरा ओलावा आला की स्वतःच खंगतो. धातुवेडा, हे अ‍ॅल्युमिनियम की आमचा मेव्हणा?

सावळा :

शेंडेफळ, हसवलंत. बरं, धातुवेडा यांचं पटलं. पण मग उपाय सोपा आहे ना, दरवर्षी सगळे स्क्रू एकदा आवळून घ्यायचे.

तारयात्री :

सावळा, नाही. हे मीही तरुणपणी करायचो आणि त्यातून जोड बिघडवायचो. प्रत्येक वेळी आवळलं की मऊ तार आणखी चपटी होते, तिच्यातला ताण निघून जातो, शेवटी स्क्रूखाली पातळ पापुद्रा उरतो आणि तो तुटतो. शिवाय जुना बोर्ड उघडून तारा ओढल्या-वाकवल्या की आतापर्यंत बरे असलेले शेजारचे जोडही हलतात. अ‍ॅल्युमिनियमचा जोड एकदाच, योग्य साहित्यानं, ठरलेल्या टॉर्कनं, म्हणजे मोजलेल्या पिळानं, करायचा. मग झाकण लावून सोडून द्यायचं.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. मार्ग तीन आहेत.

एक, सगळं तांब्याचं नवं वायरिंग. याच्याइतका निर्धास्त मार्ग दुसरा नाही. भिंतीतल्या पाइपातून जुनी तार ओढून तिच्यामागे नवी येते का ते आधी पाहायचं. अनेकदा अडकते. मग भिंत फोडायची किंवा वरून केसिंग-कॅपिंग, म्हणजे भिंतीवर झाकणाची प्लास्टिकची पट्टी. वरून केलेलं दिसायला डावं वाटतं, पण उद्या उघडून तपासता येतं. मी स्वतः तेच निवडेन.

दोन, तारा तशाच ठेवून प्रत्येक जोडावर तांब्याची छोटी शेपटी लावायची आणि ती शेपटी स्विच-सॉकेटला द्यायची. तुमच्या वायरमननं केलं ते हेच, फक्त मधला जोड चुकीचा. हा जोड दोन प्रकारांनी नीट होतो. पहिला म्हणजे कोपॅलम: धातूची नळी, तिच्यात दोन्ही तारा, आणि खास यंत्रानं इतका दाब की धातू थंडच एकमेकांत मिसळतात. ते यंत्र कंपनीनं शिकवलेल्या इलेक्ट्रिशियनलाच मिळतं. दुसरा अल्युमिकॉनसारखा: एका छोट्या ठोकळ्यात प्रत्येक तारेला वेगळं भोक, वेगळा स्क्रू, आत ग्रीस भरलेलं. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना शिवतच नाहीत, मध्ये कथिलाचा मुलामा दिलेला ठोकळा असतो. स्क्रू टॉर्क स्क्रूड्रायव्हरनं, पाकिटावर छापलेल्या आकड्याइतकाच आवळायचा. हाताच्या अंदाजानं नाही. मी एवढी वर्षं काम केलं, तरी माझाही अंदाज चालत नाही.

तीन, अ‍ॅल्युमिनियमला चालतात अशी खास स्विच-सॉकेटं, ज्यांवर सीओ/एएलआर असं कोरलेलं असतं. साध्यापेक्षा खूप बरी. पण ती स्विच आणि सॉकेट एवढ्यापुरतीच. पंखा, दिव्याचा होल्डर, जंक्शन बॉक्स यांचं काय? म्हणून हा अर्धा उपाय.

रानपाखरू :

पिळून बसवायची प्लास्टिकची टोपी मिळते ना, आत पेस्ट असलेली, जांभळी? ती अ‍ॅल्युमिनियम-तांब्यासाठीच विकतात. आमच्याकडे तीच लावली आहे.

तारयात्री :

मिळते, आणि तिच्यावर परीक्षण संस्थेची मान्यताही असते. पण अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग तिला कायमची दुरुस्ती मानत नाही. तिच्या आत दोन्ही धातू एकमेकांना चिकटूनच असतात आणि सगळी भिस्त एका स्प्रिंगवर. तुमच्याकडे लावली असेल तर निदान ती कुठे कुठे आहे ते लिहून ठेवा, आणि बोर्डाचं पुढचं काम निघेल तेव्हा बदला.

उंबरठा :

अमेरिकेतला या वायरिंगचा किस्सा मला माहीत आहे. साठच्या दशकात तांबं महागलं, म्हणून १९६५ ते १९७३ या काळात तिथे सुमारे वीस लाख घरांत अ‍ॅल्युमिनियमचं वायरिंग झालं. १९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हॅम्प्टन बेजमध्ये एका घराला आग लागून दोघं गेले. कारण निघालं एका सॉकेटजवळचा अ‍ॅल्युमिनियमचा जोड. मग चौकशी झाली, आणि कळलं की अशा घरांना आग लागण्याची शक्यता ५५ पट.

धातुवेडा :

उंबरठा, एक दुरुस्ती. ती पाहणी आगींची नव्हती. १९७२ पूर्वी अ‍ॅल्युमिनियमचं वायरिंग झालेल्या घरांत एखादा तरी जोड आगीचा धोका म्हणावा इतक्या अवस्थेला पोहोचण्याची शक्यता तांब्याच्या घरांच्या ५५ पट, असं ते आहे. आणि १९७२ ला महत्त्व आहे. त्यानंतर मिश्रधातू सुधारला आणि टर्मिनलंही बदलली. आज ८००० मालिकेच्या मिश्रधातूच्या तारा मिळतात, त्यात लोह वगैरे घातल्यामुळे विसर्पण बरंच कमी आहे. ऑक्साइड मात्र तसाच.

उंबरठा :

दुरुस्ती मान्य. ५५ चा आकडा सगळीकडे आगीचा म्हणूनच सांगतात, मीही तसाच ऐकला होता. पण धोक्याची अवस्था हेही काही कमी नाही.

कोरडापाऊस :

माझा अनुभव सांगते. आमच्या घरी दिवाणखान्यातला दिवा कधी कधी मिणमिणायचा. आम्ही दिवे बदलले, मग होल्डर बदलला. रेडिओ लावला की खरखर यायची, तीही आम्ही रेडिओच्या माथी मारली. एके दिवशी मुलगी म्हणाली, आई, इथे मासळी जळल्यासारखा वास येतोय. घरात तसं काही शिजत नव्हतं. बटण उघडलं तेव्हा स्क्रूभोवतीचं बेकेलाइट कोळसा झालेलं होतं. आमचं नशीब की ती त्या वेळी खोलीत होती. मिणमिणणं, खरखर, वास, प्लेट गरम लागणं, यातलं एक जरी दिसलं तरी आधी त्या सर्किटची वीज बंद करा, कारण मग शोधा. आम्ही सहा महिने दिवे बदलत बसलो.

धातुवेडा :

कोरडापाऊस, वाचून काळजात धस्स झालं. मुलगी सुखरूप आहे हे बरं. एक जोडतो: अनेकदा ही लक्षणं दिसतही नाहीत. ढिला जोड ठिणगी न मारता, निखाऱ्यासारखा लाल होऊन तासन्‌तास राहू शकतो. ठिणगी ओळखणारे नवे ब्रेकर येतात, पण ठिणगीच नसेल तर ते तरी काय ओळखणार. म्हणून धुराचा अलार्म लावाच. त्यानं जोड सुधारत नाही, पण झोपेतून उठवतो.

गोधडी :

माझा थोडा वेगळा प्रश्न. आमच्या जुन्या घराच्या तारा पण पांढऱ्या आहेत. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच समजायचं ना?

तारयात्री :

थांबा गोधडी, घाई नको. फार जुन्या, रबर आणि सुती विणीच्या तारांत तांब्यावर कथिलाचा मुलामा असायचा, कारण रबरातलं गंधक तांब्याला खातं. ती तार वरून चांदीसारखीच दिसते. वीज पूर्ण बंद करून, टेस्टरनं खात्री करून, टोक सुरीनं हलकं खरवडा. आत लाल निघालं तर तांबं, पांढरंच राहिलं तर अ‍ॅल्युमिनियम. मात्र तुमच्या तारा रबराच्या असतील तर तांबं असूनही त्या बदलाच, ते रबर हात लावला की गळून पडतं.

याच्या उलटी फसवणूकही असते. वरून लाल, आत पांढरी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर देऊन तांब्याची म्हणून खपवतात. भेंडोळं उचलून पाहा. तांब्याची घनता जवळजवळ ९, अ‍ॅल्युमिनियमची २.७. हाताला फरक लगेच कळतो.

गोधडी :

धन्यवाद काका. सुरी मी स्वतः लावणार नाही, माहीतगाराकडून पाहून घेईन.

सावळा :

तारयात्री, मी काल तुमचं वाचून आमच्याही घरी एक प्लेट उघडवून घेतली. तार अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची) अ‍ॅल्युमिनियम आहे, आणि तिच्यावर २५ अँपिअरचा एमसीबी. पूर्वी फ्यूज होता, तो काढून कोणीतरी हा लावला. आमचे वायरमन म्हणतात अडीच एमएमला चालतो.

तारयात्री :

सावळा, तो आजच बदलून घ्या. हा फार मोठा आणि फार सामान्य घोटाळा आहे. अडीच एमएमचं अ‍ॅल्युमिनियम म्हणजे तांब्याची साधारण दीड एमएम. वायरमननं तांब्याचा हिशोब लावला. एमसीबी तारेला सांभाळण्यासाठी असतो, आणि सर्किटमधली सर्वांत कमजोर तार पाहून निवडायचा. नवी जाड तांब्याची शेपटी पाहून कोणी मोठा एमसीबी लावला तर भिंतीतलं जुनं अ‍ॅल्युमिनियम भाजून निघेल.

सावळा :

बदलला. १० चा लावला त्यांनी, मोजून. आणि ताई, पहिल्या दिवशी मी "काम झालं" म्हणालो होतो ते मागे घेतो. तुमच्या आईंचं घर होतं, मी इतकं सहज बोलायला नको होतं.

अंगणवेल :

अहो सावळा, तुमच्या प्रश्नांमुळेच तर काकांनी इतकं लिहिलं. मनात काही ठेवू नका.

रानपाखरू :

मीटरपासून मेन बोर्डापर्यंत येणारी जाड केबलही अ‍ॅल्युमिनियमची असते. तीही बदलायची का?

तारयात्री :

गरज नाही. जाड, अनेक तारांची केबल, आणि तिच्यासाठीच केलेलं टर्मिनल, असं असेल तर ती उत्तम चालते. टर्मिनलवर एएल (अल्युमिनियम) आणि सीयू (तांबं) दोन्ही अक्षरं आहेत का ते पाहा. एएल९सीयू असेल तर ९० अंशांपर्यंत, मध्ये ७ असेल तर ७५. नुसतं सीयू असेल तर तिथे अ‍ॅल्युमिनियम लावायचं नाही. तांब्याच्या बसबारला (बोर्डातल्या वीज वाटणाऱ्या जाड पट्टीला) जोडायचं तर बायमेटल लग वापरतात: नळी अ‍ॅल्युमिनियमची, पुढची पट्टी तांब्याची, दोन्ही कारखान्यातच घर्षणानं वेल्ड केलेली. केबलच्या तारा ब्रशनं घासायच्या त्या पेस्ट लावून, पेस्टच्या आतच, म्हणजे घासलेल्या जागेला हवा लागत नाही. पेस्टमधले जस्ताचे कण दाबाखाली ऑक्साइड टोचून आत जातात.

नुसती पेस्ट लावून मात्र वाईट जोड चांगला होत नाही. आणि नुसती तार ढकलून बसवायची भोकं असलेली सॉकेटं अ‍ॅल्युमिनियमला कधीच नकोत. ढकलायचा किंवा खटक्याचा कनेक्टर वापरायचा असेल तर त्याच्या कागदावर अ‍ॅल्युमिनियमचं नाव, तारेचा आकार आणि किती अँपिअर हे स्पष्ट छापलेलं हवं.

आणि तार सोलताना कटरनं गोल चीर पाडू नका. त्या बारीक चिरेपाशी अ‍ॅल्युमिनियम दोन-तीनदा वाकवलं की तुटतं. पेन्सिलीला टोक करतो तसं तिरकं सोला.

शेंडेफळ :

मेव्हण्यालाही सरळ सोललेलं चालत नाही. असो, आता खरंच गंभीरपणे: हा धागा मी आमच्या इमारतीच्या गटावर टाकतोय.

अंगणवेल :

तीन आठवड्यांनी परत आले. काय काय झालं ते लिहिते, कोणाला उपयोग होईल.

परवानाधारक इलेक्ट्रिशियन शोधला. फोनवरच विचारलं, तुमच्याकडे टॉर्क स्क्रूड्रायव्हर आहे का. दोघं "कशाला लागतो?" म्हणाले, तिसऱ्या बाईंनी "आहे" म्हटलं, त्यांनाच बोलावलं. त्यांनी आधी मेगर नावाच्या यंत्रानं ५०० व्होल्टवर सगळ्या सर्किटांचं इन्सुलेशन, म्हणजे तारेवरच्या आवरणाचा रोध, मोजलं. एक मेगाओहमच्या वर हवं म्हणाल्या. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराचं खूपच खाली निघालं. तिथे जोड सुधारून उपयोगच नव्हता, तार स्वतःच संपली होती. म्हणून त्या दोन ठिकाणी, आणि इस्त्री-गिझर अशा जड उपकरणांसाठी, थेट मेन बोर्डापासून नव्या तांब्याच्या लाइनी वरून केसिंग-कॅपिंगमधून आणल्या. दिवे-पंख्यांना जुनं अ‍ॅल्युमिनियम ठेवलं, त्याचं इन्सुलेशन ठणठणीत होतं. त्याचे सगळे जोड ठोकळ्याच्या कनेक्टरनं केले, प्रत्येक ठिकाणी टॉर्कनं. जुन्या डब्या उथळ होत्या, कनेक्टर मावेनात, तारा कोंबण्यापेक्षा त्यांनी सहा डब्या बदलून खोल बसवल्या.

जोड मोजले. आई आणि मी मिळून आधी ३१ धरले होते. निघाले ४३. एक जंक्शन बॉक्स तर कपाटामागे, वरून रंग दिलेला. तो उघडला तेव्हा आत तीन तारा पिळलेल्या, टेप वितळून डबीला चिकटलेली. आई त्या कपाटासमोरच झोपते. मी तिथेच खाली बसले.

आणि ज्या जोडापासून हे सुरू झालं, तो पिळलेला, बाईंनी उघडून दाखवला. टेपखाली टोक आत्ताच काळसर पडायला लागलं होतं. इस्त्री त्यावर दोनदाच लावली होती.

कोरडापाऊस :

कपाटामागचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. वेळेत पाहिलंत ताई.

धातुवेडा :

फार नीट केलंत. भार असताना, अर्धा-पाऊण तास पंखे-दिवे चालू ठेवून, बंद प्लेटवरून इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवून घ्या. शेजारच्या प्लेटपेक्षा एखादी ठळक गरम लागली तर ती पुन्हा पाहायची. भार नसताना मोजून काही कळत नाही.

तारयात्री :

ताई, तुम्ही शोधलेल्या बाई मला भेटल्या असत्या तर मी त्यांना माझी हत्यारं देऊन टाकली असती. आता एकच काम राहिलं. उद्या कोणी नवा वायरमन येईल, पांढरी तार पाहील आणि त्याच्या सवयीनं पिळून टेप लावेल. त्याला आधीच कळायला हवं. मेन बोर्डाच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवा. मजकूर देतो:

"दिवे-पंख्यांची जुनी तार अ‍ॅल्युमिनियमची आहे. तांब्याला थेट पिळू नये. जोड फक्त अ‍ॅल्युमिनियम-तांब्याच्या कनेक्टरनं, टॉर्क मोजून. या सर्किटांचा एमसीबी वाढवू नये."

खाली तारीख आणि सगळ्या जोडांच्या जागा. कपाटामागची पहिली लिहा.

अंगणवेल :

चिकटवला काका. मी छापून आणणार होते, पण आई म्हणाली माझं अक्षर चांगलं आहे, मीच लिहिते. ४३ जागा तिनं स्वतः फिरून, एकेका डबीवर हात ठेवून लिहिल्या. कपाट पुढे ओढून ठेवलंय, डबीपर्यंत हात जाईल इतकं.